हजार पोथ्या लिहविणारी अत्तिमब्बे

शाईदौत (धागालेखिका)

नमस्कार. दख्खनच्या इतिहासातील स्त्रियांविषयी आपण बोलतो तेव्हा बहुतेक वेळा घोड्यावर बसलेली, किल्ला लढविणारी स्त्री डोळ्यांसमोर येते, आणि तशा स्त्रिया होऊन गेल्या हे खरेच आहे. कल्याणीच्या चालुक्यांपैकी दुसऱ्या तैलपाची नात अक्कादेवी किसुकाडु प्रांताचा कारभार पाहत होती आणि गोकाकच्या किल्ल्याला तिने वेढा घातल्याचा उल्लेख शिलालेखात आहे. मला मात्र आज तिच्या आधीच्या पिढीतील एका स्त्रीविषयी लिहायचे आहे, जिने ना राज्य केले ना लढाई केली. तिने पोथ्या लिहविल्या. तिचे नाव अत्तिमब्बे.

गेल्या हिवाळ्यात हंपीहून परतताना आम्ही गदगच्या अलीकडे ११-१२ किलोमीटरवर असलेल्या लक्कुंडी या गावी थांबलो होतो. तिथल्या ब्रह्म जिनालयात गेल्यावर मंडपातील चतुर्मुख ब्रह्मदेवाची मूर्ती पाहून, जैन मंदिरात ब्रह्मदेव कसा, हा साधा प्रश्न मनात आला. त्या प्रश्नाचा माग काढता काढता मी मंदिर बांधविणाऱ्या बाईपर्यंत पोहोचले आणि पुढे कित्येक महिने तिच्यापाशीच राहिले. कानडी वाचकांना ती लहानपणापासून ठाऊक असते. कर्नाटक शासन लेखिकांना तिच्या नावाने ‘दानचिंतामणि अत्तिमब्बे’ पुरस्कार देते. आपल्याकडे मात्र तिचे नाव ऐकलेले फार थोडे भेटतात, आणि ज्या राज्यात ती वावरली त्याच राज्यात आजचे सोलापूर आणि मराठवाडाही मोडत होते हे लक्षात घेतले तर हे अपरिचितपण मला खटकते.

आधी तिचा काळ सांगते, कारण त्या काळाशिवाय तिचे काम कळत नाही. दहाव्या शतकाच्या मध्यावर दख्खनवर मान्यखेटच्या, म्हणजे आजच्या कलबुर्गी जिल्ह्यातील मळखेडच्या, राष्ट्रकूटांचे राज्य होते. तिसरा कृष्ण हा त्यांचा शेवटचा मोठा राजा आणि कानडीतील ‘शांतिपुराण’ लिहिणारा पोन्न हा त्याच्या दरबारातील कवी. कृष्णाच्या मृत्यूनंतर पाच वर्षांतच, ९७२ मध्ये, माळव्याच्या परमार सीयकाने मान्यखेट लुटले, आणि पुढच्याच वर्षी चालुक्यवंशीय तैलपाने राष्ट्रकूटांची सत्ता संपवून आपले राज्य उभे केले. अत्तिमब्बे ही या उलथापालथीच्या पिढीतील मुलगी. तिचे घराणे मूळचे वेंगीकडचे, जैन धर्म स्वीकारलेले. आजोबा नागमय्य, वडील मल्लपय्य आणि चुलते पुन्नमय्य. पोन्नाने ‘शांतिपुराण’ रचले ते याच दोघा भावांच्या सांगण्यावरून, त्यांचे गुरू जिनचंद्रदेव यांच्या स्मरणार्थ. पुस्तक लिहविणे ही त्या घरची रीत होती, आणि अत्तिमब्बेच्या पुढच्या आयुष्याचे बीज मला त्या घरातच दिसते.

तिचे लग्न तैलपाचा महामंत्री धल्लप याच्या घरात, त्याचा पराक्रमी सेनापती मुलगा नागदेव याच्याशी झाले. तिची धाकटी बहीण गुंडमब्बे हिचेही लग्न त्याच नागदेवाशी झाले. नागदेव तरुणपणी मरण पावला. गुंडमब्बेने सहगमन केले, म्हणजे ती पतीबरोबर चितेवर गेली, आणि अत्तिमब्बे मागे राहिली, मुलगा अण्णिगदेव याला वाढविण्यासाठी. दहाव्या शतकातील विधवेचे आयुष्य केवढे अरुंद असू शकत होते याची कल्पना आपल्याला आहे. तरीही यापुढे जे घडले त्यामुळे तिला ‘दानचिंतामणि’ आणि ‘कविवरकामधेनु’ अशा पदव्या मिळाल्या आणि चक्रवर्तीनेही तिला मान दिला.

तिने केलेल्या दानांत सोन्याच्या आणि रत्नांच्या १५०० जिनमूर्ती आहेत, लक्कुंडीचे जिनालय आहे, पण माझे मन ज्या गोष्टीवर थांबते ती वेगळी आहे. वडिलांनी आणि चुलत्यांनी लिहवून घेतलेल्या पोन्नाच्या ‘शांतिपुराणा’च्या १००० प्रती तिने करविल्या आणि त्या दान दिल्या. छापखाना नसलेल्या काळात, प्रत्येक प्रत ताडपत्रावर हाताने लिहून.

यात मला जे दिसते ते सांगते, आणि हे माझे वाचन आहे असे समजूनच ते घ्यावे. ज्या राजधानीत पोन्नाला मान मिळाला ती राजधानी लुटली गेली होती आणि ज्या राजवंशाने त्याला ‘उभयकविचक्रवर्ती’ म्हटले तो संपला होता. दरबाराच्या आश्रयाने जगणारे पुस्तक दरबार पडल्यावर कुठे जाते? अत्तिमब्बेने त्या पुस्तकाला हजार घरे शोधून दिली. राजाच्या कोठारात एक देखणी प्रत ठेवून जे साधले नसते ते गावोगावच्या बस्त्यांत, म्हणजे जैन मंदिरांत, आणि श्रावकांच्या, म्हणजे जैन गृहस्थांच्या, घरांत हजार साध्या प्रती पोहोचल्याने साधले. एका राजवंशावर अवलंबून असलेला ग्रंथ तिने समाजावर सोपविला. तिचा प्रभाव कशात मोजायचा असे मला कुणी विचारले तर मी लक्कुंडीच्या मंदिराआधी याकडे बोट दाखवीन.

दुसरे मोठे काम म्हणजे रन्न. मुधोळच्या एका बांगडी विकणाऱ्या कुटुंबात ९४९ साली जन्मलेला हा मुलगा विद्येच्या ओढीने घर सोडून गंगराज्यात गेला, अजितसेनाचार्यांजवळ शिकला, आणि श्रवणबेळगोळची बाहुबलीची मूर्ती घडविणाऱ्या चावुंडरायाने, गंगांच्या मंत्र्याने, त्याला आधार दिला. पुढे तो तैलपाच्या दरबारी आला. अत्तिमब्बेने त्याच्याकडून दुसरे तीर्थंकर अजितनाथ यांचे चरित्र, ‘अजितपुराण’, लिहविले आणि ते शके ९१५ मध्ये, म्हणजे ९९३ साली, पूर्ण झाले. बारा आश्वासांच्या, म्हणजे सर्गांच्या, या गद्यपद्यमिश्रित चंपूकाव्यात रन्नाने आपल्या आश्रयदात्रीच्या कुळाचा वृत्तांत सविस्तर दिला आहे, आणि आज तिच्याविषयी आपल्याला जे ठाऊक आहे त्याचा फार मोठा भाग तिथूनच येतो. तिचे चारित्र्य पांढऱ्या कापसासारखे, गंगाजलासारखे, अजितसेन मुनींच्या गुणांसारखे आणि कोपणाचलासारखे पवित्र आहे, असे तो म्हणतो. गंगाजल ही उपमा कुणीही कवी देईल. पण कापूस काळ्या मातीतल्या माणसाला सुचतो, कोपण म्हणजे कोप्पळचा डोंगर त्याच मुलखातला आहे, आणि अजितसेन तर त्याचे स्वतःचे गुरू. कवीने आपल्या जवळचे जे जे निर्मळ होते ते तिच्यासाठी एकत्र आणले. आपल्या मुलाचे नाव त्याने राय ठेवले आणि मुलीचे अत्तिमब्बे. एका नावात चावुंडराय, दुसऱ्यात ही.

लक्कुंडीचा शिलालेख शके ९२९ चा, म्हणजे १००७ सालचा. त्या वेळी तैलपाचा मुलगा इरिवबेडंग सत्याश्रय गादीवर होता. गाव तेव्हा लोक्किगुंडि या नावाने ओळखले जाई. ते इतके भरभराटीचे होते की तिथल्या टांकसाळीतून निघणारे सोन्याचे नाणे ‘लोक्कि गद्याण’ म्हणून ओळखले जाई. अशा पेठेत तिने जिनालय उभे केले, त्याच्या खर्चासाठी जमीन लावून दिली आणि व्यवस्था आचार्यांकडे सोपविली.

या स्त्रीविषयी आणखी कुणी वाचले असेल, कुणाकडे घरच्या आठवणी असतील, तर अवश्य लिहावे.

वाटसरू

लेख आवडला, परंतु एक शंका नोंदवितो, आणि ती अनादराने नोंदवीत नाही. १०००, १५०० असे गोल आकडे प्रशस्तीत येतात तेव्हा ते मोजून लिहिलेले असतात की केवळ ‘पुष्कळ’ या अर्थाने? याच परंपरेत पूर आलेली गोदावरी अत्तिमब्बेच्या पुण्याईने ओसरली असे सांगितले जाते, आणि श्रवणबेळगोळला बाहुबलीच्या दर्शनाला गेली असता तिच्यासाठी अवकाळी पाऊस पडला असेही सांगितले जाते. पूर ओसरल्याची कथा आपण आख्यायिका म्हणून बाजूला ठेवतो आणि त्याच परंपरेतील हजार पोथ्या मात्र इतिहास म्हणून उचलतो. ही निवड आपण कोणत्या आधारावर करतो?

शाईदौत (धागालेखिका)

वाटसरू, प्रश्न अगदी योग्य आहे. हजार हा आकडा मोजून आला असा माझा आग्रह नाही. पण तो अशक्य नाही एवढे हिशेबाने दाखविता येते. असे गृहीत धरू, की एका लेखकाला एक पोथी पुरी करायला एक महिना लागतो. मग हजार पोथ्यांना हजार महिने, म्हणजे एकट्या माणसाला ८३ वर्षांहून अधिक काळ लागेल. पण २० लेखक बसविले तर हेच काम साडेचार वर्षांच्या आत होते. एका पोथीला शंभर पाने लागतात असे मानले तर एक लाख ताडपत्रे लागली. श्रीताळाची पाने तोडायची, उकळायची, वाळवायची, घोटून गुळगुळीत करायची, एका मापाने कापायची, दोरीसाठी भोके पाडायची आणि मग लिहायला घ्यायची, आणि हे सारे चालू असताना पाने तयार करणारे, लिहिणारे आणि लिहिलेले ताडून पाहणारे, अशा सगळ्यांना पोसायचे. महामंत्र्याच्या घरातील, सेनापतीच्या पत्नीला हा खर्च झेपणारा होता. आकडा हजाराऐवजी तीनशे असता तरी ते तेवढेच प्रचंड काम ठरले असते.

आता निवडीचा आधार. कुणाच्या पुण्याईने पूर ओसरणे निसर्गनियमाविरुद्ध आहे, पोथ्या लिहविणे नाही, हा सोपा भाग झाला. पण मी गोदावरीची कथाही टाकून देणार नाही. तैलप आणि माळव्याचा परमार राजा मुंज यांच्या वैरात गोदावरी ही सीमा होती. मेरुतुंग या जैन ग्रंथकाराने नोंदविलेल्या कथेनुसार रुद्रादित्य मंत्र्याने गोदावरी ओलांडू नये असे बजावूनही मुंज पलीकडे आला, पकडला गेला आणि मारला गेला. ज्या नदीच्या एका काठावरून दुसऱ्या काठावर जाण्याने राज्ये बुडत होती, ती नदी एका स्त्रीच्या शब्दाने थांबली असे लोकांना सांगावेसे वाटले, यावरून तिच्याविषयीचा आदर किती खोल होता ते दिसते. घटना म्हणून नव्हे, पण लोकांच्या मनाचा पुरावा म्हणून ती कथा मला मोलाची वाटते.

कृष्णाकाठ

आमचे घर कोल्हापूरकडचे, दिगंबर जैन, आणि आजीच्या पिढीपर्यंत घरात मराठी आणि कानडी दोन्ही बोलल्या जात. अत्तिमब्बेचे नाव आजीच्या तोंडी होते. ‘अब्बे’ म्हणजे आई किंवा मान्य स्त्री, हे मला पुढे कळले. आमच्याकडे थोरल्या बायकांना ‘अव्वा’ म्हणत, तो शब्द त्याच कुळातला.

पोथ्या दान देण्याला जैन परंपरेत जे स्थान आहे ते इथे सांगायला हवे, कारण त्याशिवाय अत्तिमब्बेचे काम एखाद्या श्रीमंत बाईची हौस वाटण्याचा धोका आहे. आहार, औषध, अभय आणि शास्त्र अशी चार दाने श्रावकाला सांगितली आहेत. भुकेल्याला अन्न देणे आणि एखाद्याला ग्रंथ देणे ही एकाच मापाची पुण्ये आहेत. ज्येष्ठ शुद्ध पंचमीला, श्रुतपंचमीला, आमच्या बस्तीत शास्त्रे बाहेर काढून, झटकून, नव्या वेष्टनांत बांधून त्यांची पूजा होते. लहानपणी आम्हा मुलांना त्या दिवशी जुन्या वेष्टनांच्या गाठी सोडायचे काम मिळत असे आणि हात धुतल्याशिवाय कुणी पोथीजवळ फिरकू देत नसे.

आणि अत्तिमब्बे एकटी नव्हती. कर्नाटकातील मूडबिद्रीला षट्खंडागमाच्या, म्हणजे दिगंबर जैनांच्या प्राचीन सिद्धांतग्रंथाच्या, ताडपत्रांवरील जुन्या पोथ्या आहेत. त्यांपैकी महाबंध या भागाच्या पोथीच्या शेवटी मल्लिकब्बे नावाच्या स्त्रीचा उल्लेख येतो. तिने श्रीपंचमीचे व्रत करून त्याच्या उद्यापनाला हा ग्रंथ लिहविला आणि माघनंदी आचार्यांना दिला. व्रताच्या उद्यापनाला आज आपण भांडी वाटतो, ओटी भरतो. तिने सिद्धांतग्रंथ लिहविला. शतकानुशतके त्या पोथ्या मूडबिद्रीबाहेर गेल्या नाहीत. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस मुंबईचे शेठ माणिकचंद आणि सोलापूरचे शेठ हिराचंद नेमचंद यांच्या पुढाकाराने त्यांच्या नकला करण्याची खटपट सुरू झाली, आणि षट्खंडागमावरील धवला टीकेचा पहिला छापील खंड हिरालाल जैन यांच्या संपादनाखाली १९३९ मध्ये अमरावतीहून निघाला. मध्ययुगातील एका बाईच्या व्रतापासून अमरावतीच्या छापील पानापर्यंत ही साखळी येते, आणि तिची सुरुवात करणाऱ्यांत अशा बायका आहेत.

मोगरीचा वेल

मला गुंडमब्बेविषयी विचारायचे आहे. मूळ लेखात तिचा उल्लेख एका वाक्यात आला आणि लेख पुढे गेला. एक बहीण चितेवर गेली आणि दुसरीने कीर्ती मिळविली, अशी मांडणी वाचताना मला फार अस्वस्थ वाटले. जी राहिली तिचे कौतुक करताना जी गेली तिच्याविषयी आपण काय म्हणायचे?

शाईदौत (धागालेखिका)

आपले म्हणणे मला मान्य आहे, आणि ते वाक्य मी घाईने लिहिले. गुंडमब्बेला तिच्या काळाने आदरच दिला. सहगमन करणाऱ्या स्त्रीचे शिळेवर स्मारक करण्याची चाल दख्खनभर होती, आणि हात वर केलेल्या, चुड्याने भरलेल्या कोपराच्या त्या सतीशिळा महाराष्ट्रातही गावोगाव वेशीवर, पारावर दिसतात. त्यांतल्या बहुसंख्य शिळांवर नाव नाही. गुंडमब्बेचे नाव राहिले, आणि तेही बहिणीने लिहविलेल्या ग्रंथामुळे राहिले. अत्तिमब्बेने कवीकडून आपल्या कुळाचा वृत्तांत लिहविला त्यात धाकट्या बहिणीला जागा मिळाली.

दोघींपैकी कुणाचा मार्ग श्रेष्ठ, असे मी विचारणार नाही. दोघी एकाच घरात वाढल्या, एकाच घरात आल्या, एकाच माणसाच्या मृत्यूने विधवा झाल्या, आणि त्या दिवशी एकीच्या पदरात मूल होते, एवढे मला दिसते. मूल वाढविणे हे मागे राहण्याचे कारण परंपरा सांगते. त्याबरोबर तिच्या धर्माचाही विचार करावा असे मला वाटते. देह संपवून पतीबरोबर जाण्यापेक्षा उपवास, संयम आणि दान यांनी स्वतःचे कर्म झिजविणे हा जैन विचाराचा गाभा आहे. वैधव्यानंतर तिने कठोर व्रतस्थ आयुष्य काढले असे वर्णन येते. संपत्ती तिच्या हाती होती आणि तिचा उपभोग तिने सोडला होता. हे दोन्ही एकत्र असल्यानेच तिला एवढे देता आले. नागदेव जगता तर ती एका सेनापतीची सुखी पत्नी म्हणून संपली असती का, याचे उत्तर माझ्यापाशी नाही, पण वडिलांच्या घरची पुस्तकांची रीत पाहता तसे मानायला माझे मन घेत नाही.

मोगरीचा वेल

नाव राहिले ते बहिणीने लिहविल्यामुळे, हे माझ्या लक्षात आले नव्हते. धन्यवाद.

अनुस्वार

या धाग्यात ‘लिहविला’, ‘करविला’, ‘बांधविले’ ही क्रियापदे पुन्हा पुन्हा येत आहेत, त्यावरून भाषेच्या अंगाने काही लिहितो.

श्रवणबेळगोळच्या गोमटेश्वराच्या पायाशी ‘श्रीचावुण्डराजें करवियलें’ ही मराठी ओळ आहे, ती आपल्यापैकी पुष्कळांनी शाळेत ऐकली असेल. शेजारीच गंगराजाने ‘सुत्ताले’, म्हणजे भोवतालचा प्राकार, करविल्याची ओळ आहे. गंगराज हा बाराव्या शतकातील होयसळांचा सेनापती असल्यामुळे ती दुसरी ओळ त्याआधीची असू शकत नाही, आणि पहिली ओळ कधीची यावर अभ्यासकांत वाद आहे. तो वाद इथे नको. मला लक्ष वेधायचे आहे ते ‘करवियलें’ या रूपाकडे. मराठीतील जुन्यात जुन्या कोरीव ओळींपैकी एक, आणि तिच्यातील क्रियापद प्रयोजक आहे. चावुंडरायाने मूर्ती केली असे ती ओळ म्हणत नाही, करविली असे म्हणते. कानडीतही तसेच. कृष्णाकाठ यांनी सांगितलेल्या मल्लिकब्बेच्या बाबतीत ‘बरेयिसि’ म्हणजे ‘लिहवून’ असा प्रयोग आहे.

आज आपण ‘अमक्याने मंदिर बांधले’ असे सर्रास लिहितो आणि प्रयोजकाचा ‘व’ गाळून टाकतो. त्या एका अक्षराबरोबर दोन माणसांपैकी एक जण गळतो. ‘बांधविले’ म्हटले की बांधविणारी आणि बांधणारा असे दोघे डोळ्यांसमोर राहतात. मध्ययुगीन लेखांत स्त्रिया शोधायच्या असतील तर त्या या ‘व’मध्ये सापडतील असे मला वाटते. पाथरवट, लेखक, मूर्तिकार हे बहुतेक पुरुष होते आणि त्यांच्यामागे उभी राहून काम करविणारी पुष्कळदा अत्तिमब्बेसारखी कुणी होती.

शाईदौत (धागालेखिका)

अनुस्वार, आपला प्रतिसाद वाचल्यावर मी माझा मूळ लेख पुन्हा चाळला. ‘मूर्ती घडविणाऱ्या चावुंडरायाने’ असे मी लिहिले आहे. ‘घडविणे’मध्ये ‘व’ आहे, पण आज त्याचा अर्थ ‘स्वतः घडवणे’ असाच घेतला जातो. तिथे ‘घडवून घेणाऱ्या’ असे हवे होते. आणि ज्यांनी त्या हजार प्रती प्रत्यक्ष लिहिल्या त्या लेखकांविषयी मला लिहिता आले नाही, कारण त्यांची नावे उरलेली नाहीत. ती खंत राहतेच.

वाटसरू

प्रतींच्या संख्येविषयी माझी शंका बऱ्याच अंशी मिटली आहे. आता दुसरा मुद्दा. पुष्कळ प्रती झाल्या की ग्रंथ टिकतो हे खरे, पण पाठभेदही तितकेच वाढतात. आपल्याकडे ज्ञानेश्वरी शके १२१२ मध्ये सांगितली गेली आणि शके १५०६ मध्ये एकनाथांना तिची शुद्ध प्रत सिद्ध करावी लागली. तीनशे वर्षांत नकलांवरून नकला होत गेल्या आणि मूळ शब्द हरवत गेले. एकाच वेळी, एकाच घराच्या देखरेखीखाली हजार प्रती करविण्यात या दृष्टीने एक मोठा फायदा होता. सगळ्या प्रती एकाच आदर्श प्रतीवरून उतरल्या असतील तर त्यांच्यात पिढ्यांचे अंतर पडत नाही. छपाईत जे होते तेच इथे हाताने झाले.

शाईदौत (धागालेखिका)

हे मला सुचले नव्हते. ज्या घरासाठी ग्रंथ रचला गेला त्याच घरातील मुलीने नकला करविल्या, म्हणजे तिच्याजवळ कवीच्या हयातीतील प्रत असण्याचा संभव मोठा.

चुनखडी

लक्कुंडीला जाणाऱ्यांसाठी थोडेसे. गाव गदगहून होसपेटकडे जाणाऱ्या रस्त्यावर आहे. बहुतेक प्रवासी काशीविश्वेश्वराचे देऊळ पाहून परततात, आणि ते देखणे आहेच, पण ब्रह्म जिनालय त्याच्या आधीचे आहे आणि त्याची शांत, कमी कोरीवकामाची बांधणी वेळ देऊन पाहण्याजोगी आहे. दगड मऊ, बारीक पोताचा आहे. चालुक्यांनीच सुरुवातीच्या काळात बांधविलेल्या वालुकाश्मातील देवळांपेक्षा या दगडात बारीक काम सोपे जाते आणि पुढे होयसळांनी त्याचाच उपयोग केला.

महाराष्ट्राशी आणखी एक धागा जुळतो. अत्तिमब्बेनंतर पावणेदोनशे वर्षांनी देवगिरीचा यादव राजा पाचवा भिल्लम आणि होयसळ दुसरा बल्लाळ यांच्यात गदगजवळच सोरटूरला लढाई झाली. भिल्लमाचा पराभव झाला आणि बल्लाळाने लक्कुंडीत आपले ठाणे केले. ज्या गावावर देवगिरीकरांचा डोळा होता त्या गावाची श्रीमंती समजून घ्यायची तर तिच्या काळापासून सुरुवात करावी लागेल.

कृष्णाकाठ

हा धागा वाचत असताना आजीची पेटी उघडली. तिच्यात एक हस्तलिखित पोथी आहे, कागदावरची, लाल कापडात बांधलेली. ती व्रतकथांची आहे आणि शेवटच्या पानावर ‘लिहविले’ हा शब्द मला लागला. त्यापुढचे अक्षर मोडीसारखे दिसते आणि मला वाचता येत नाही. पोथीच्या कडा ठिसूळ झाल्या आहेत. ताडपत्रांना गवती चहाच्या जातीच्या गवताचे तेल लावतात असे ऐकले होते, तसे काही इथे करावे का?

शाईदौत (धागालेखिका)

कृपया कागदाला तेल लावू नका. ताडपत्र तेलाने लवचीक राहते, कागदावर मात्र डाग पडतात आणि शाई पसरते. जुने लेखकच आपल्या पोथ्यांच्या शेवटी ‘तैलाद्रक्षेत् जलाद्रक्षेत् रक्षेत् शिथिलबन्धनात्’ असे लिहून ठेवत, म्हणजे तेलापासून, पाण्यापासून आणि सैल बांधणीपासून मला जपा. पोथी धुतलेल्या, रंग न जाणाऱ्या पांढऱ्या सुती कापडात बांधा, लाल कापडाचा रंग सुटत असेल तर ते वेगळे ठेवा, आणि पाने सरळ दोन पुठ्ठ्यांमध्ये राहतील एवढेच घट्ट बांधा. उन्हात वाळवू नका.

अनुस्वार

शेवटच्या पानाचा, सावली न पडलेला, सरळ वरून घेतलेला फोटो इथे टाकावा. मोडी मला वाचता येते. ‘लिहविले’च्या पुढे बहुधा कुणी लिहविले ते असेल.